तक्रार आणि मागणी

माझे शालेय शिक्षण सातवीत संपले. पुढचे मराठी मी गेटसभांत आणि सोबत्यांचे अर्ज लिहिता लिहिता शिकलो. विद्वानांच्या या व्यासपीठावरून लेखनाविषयी बोलणे ही माझी धिटाईच. पण समोर विद्यार्थी पुष्कळ दिसतात, आणि जन्मात अर्ज कुणाला चुकला आहे?

आमच्या रोजच्या शब्दांचे कूळ मोठे गमतीचे आहे. ‘मजूर’ फारसीतून आला, ‘पगार’ पोर्तुगिजांकडून. परका शब्द म्हणून पगार परत करणारा शुद्धिवादी मला अजून भेटायचा आहे! गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकी. आपल्याकडे काम बंद. एकीवाचून काम बंद पडत नाही, हे एकदा संप केलेल्याला सांगावे लागत नाही. पण मला जो शब्द टोचतो तो ‘तक्रार’. अरबीत त्याचा अर्थ पुनरुक्ती, तेच ते पुन्हा म्हणणे.

माझा पहिला मोठा अर्ज अगदी असाच होता. एका सोबत्याची दोन बोटे यंत्रात गेली होती. मी चार पाने लिहिली. ‘अन्याय’ सात वेळा, रक्त आणि अश्रू वेगळेच. कचेरीतल्या साहेबांनी सगळे वाचून शांतपणे विचारले, “कोणते यंत्र? कोणती पाळी? आणि तुम्हांला हवे काय?” चार पानांत यांपैकी एकाचेही उत्तर नव्हते. अर्ज परत आला. सोबती दाराशी उभा होता. त्याच्याकडे पाहण्याचा मला धीर झाला नाही.

पुढे ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्याविषयी वाचले. मुंबई सरकारने नेमलेल्या कारखाना आयोगापुढे त्यांनी १८८४ साली गिरणीकामगारांचे निवेदन ठेवले. सुमारे ५,५०० सह्या. मागण्या पाहा: रविवारी सुटी; दुपारी अर्धा तास विश्रांती; काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत; पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत; जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण वेतन, आणि कायमचा अपंग झाल्यास पोटाची सोय. दिवस, तास, तारीख! कामगार उन्हापावसात किती कष्टतात यावर लोखंड्यांना चार पाने लिहिता आली नसती काय? पण मालकाला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणता यावे, अशी ती रचना आहे. अलंकारशास्त्रात या गुणाला काय म्हणतात मला ठाऊक नाही.

रविवारची सुटी १० जून १८९० रोजी मिळाली. जखमींच्या भरपाईचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले.

त्याच कायद्याखाली मी सोबत्याचा अर्ज पुन्हा लिहिला. यंत्र, पाळी, वेळ, कोणती बोटे, मागितलेली रक्कम. पाऊण पान झाले. भरपाई आठ महिन्यांनी आली. तोवर त्याने बायकोची पाटली मोडली होती.