बॉयलर, रूळ आणि मैदान : कोलंबस पॅनहँडल्सचे खेळाडू

कोलंबस पॅनहँडल्स हा अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कोलंबस शहराचा अमेरिकन फुटबॉल संघ होय. १९०१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९०७ मध्ये नव्याने उभारलेल्या या संघाची गणना त्या खेळातील सुरुवातीच्या व्यावसायिक संघांत होते. ज्या संघटनेचे पुढे ‘नॅशनल फुटबॉल लीग’ असे नामकरण झाले, तिच्या पहिल्या मोसमात, म्हणजे १९२० मध्ये, तो खेळला आणि १९२२ नंतर या नावाने तो पुन्हा मैदानात उतरला नाही. या संघाचा कणा असलेले खेळाडू रेल्वेच्या कारखान्यात काम करणारे कामगार होते. आठवडाभर बॉयलर जोडायचे, शनिवारी काम आटोपून गाडीत बसायचे, रविवारी परगावी सामना खेळायचा आणि सोमवारी सकाळी पुन्हा कामावर हजर व्हायचे, असा त्यांचा क्रम होता.

भुसावळच्या रेल्वे वसाहतीत किंवा दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या परिसरात राहणाऱ्या वाचकांना हे जीवन अनोळखी वाटू नये. बॉयलर, पाळी, रेल्वेचा पास हे शब्द तेथील घरांत रोजचे आहेत. फरक इतकाच, की कोलंबसच्या कामगारांनी उभा केलेला खेळ आज जगातील सर्वांत श्रीमंत क्रीडा-उद्योगांपैकी एक झाला आहे आणि त्याच्या अंतिम सामन्याला, ‘सुपर बोल’ला, दहा कोटींहून अधिक प्रेक्षक लाभतात.

खेळात पैसा कसा आला

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडील फुटबॉलपेक्षा रग्बीला अधिक जवळचा खेळ. लांबट अंडाकृती चेंडू हातात घेऊन किंवा सहकाऱ्याकडे फेकून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत न्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याने अंगावर झेप घेऊन त्याला अडवायचे, हे त्याचे ढोबळ स्वरूप. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो येल, हार्वर्ड, प्रिन्स्टन अशा नामांकित महाविद्यालयांत वाढला. पैसे घेऊन खेळणे तेथे हलके मानले जाई. १२ नोव्हेंबर १८९२ रोजी पिट्सबर्ग परिसरातील अ‍ॅलेघेनी अ‍ॅथलेटिक असोसिएशनने येलचा माजी खेळाडू विल्यम ‘पज’ हेफेलफिंगर याला एका सामन्यासाठी ५०० डॉलर दिले. पैसे घेतल्याची लेखी नोंद असलेला पहिला खेळाडू म्हणून त्याचे नाव घेतले जाते.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत व्यावसायिक फुटबॉल महाविद्यालयांच्या बाहेर, पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोमधील कारखानदारीच्या गावांत रुजला. कँटन, मॅसिलॉन, अ‍ॅक्रन, डेटन ही ती गावे. तेथील कामगाराला रविवारची एकच सुट्टी असे आणि महाविद्यालयांचे सामने होत शनिवारी. रविवारचा सामना ही त्या कामगारांची गरज होती. अनेक संघांनी महाविद्यालयीन तारे पैसे देऊन आणले. पॅनहँडल्सने मात्र आपल्याच कारखान्यातील माणसांतून संघ उभा केला.

नाव आणि जो कार

पेनसिल्व्हेनिया रेलरोडचा एक विभाग ‘पॅनहँडल’ या नावाने ओळखला जाई. त्याचा मार्ग वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या उत्तरेकडील चिंचोळ्या पट्ट्यातून जात असे. नकाशावर हा पट्टा तव्याच्या दांड्यासारखा दिसतो, म्हणून त्याला पॅनहँडल म्हणत. या विभागाच्या कोलंबस येथील कारखान्यातील कामगारांनी तेच नाव आपल्या संघाला दिले.

पहिली काही वर्षे संघ रखडत चालला. १९०७ मध्ये त्याची सूत्रे जोसेफ कार याने हाती घेतली. १८७९ मध्ये कोलंबसमध्येच जन्मलेला, आयरिश वंशाच्या कुटुंबातील कार याच रेल्वेत यंत्र-कारागीर होता आणि स्थानिक वृत्तपत्रासाठी क्रीडावृत्ते लिहीत असे. स्वतः तो फुटबॉलपटू नव्हता. त्याने हिशेब अचूक मांडला. मैदानाचे भाडे आणि जाहिरातीचा खर्च संघाला परवडणारा नव्हता. पण खेळाडू रेल्वेचे कर्मचारी असल्याने त्यांना गाडीचा प्रवास पासवर फुकट होता. म्हणून कारने बहुतेक सामने परगावी ठरवले. प्रवासाचा खर्च नाही, मैदानाची जबाबदारी यजमानांची आणि प्रवेशशुल्कातील वाटा आपला. पॅनहँडल्स हा ‘फिरता संघ’ म्हणून प्रसिद्ध झाला तो या काटकसरीतून.

सरावासाठी वेगळा वेळ नव्हता. जेवणाच्या सुट्टीत घाईघाईने डबा संपवून उरलेल्या वेळात कारखान्याच्याच आवारात सराव होई. खेळाडूंना मिळणारे मानधन तुटपुंजे असे. १९१५ मध्ये कँटन बुलडॉग्ज संघाने ऑलिंपिकवीर जिम थॉर्प याला सामन्यामागे २५० डॉलर देऊ केले, ही त्या काळातील सर्वांत गाजलेली रक्कम. पॅनहँडल्सच्या कामगाराला असा आकडा ठाऊक नव्हता. त्याचे घर चालत होते ते रेल्वेच्या पगारावर.

नेसर बंधू

या संघाची खरी ओळख म्हणजे नेसर कुटुंब. जर्मनीतून अमेरिकेत आलेल्या या कुटुंबातील जॉन, फिल, टेड, फ्रेड, फ्रँक, अल आणि रे हे सात भाऊ वेगवेगळ्या वेळी पॅनहँडल्सकडून खेळले. पीट नावाचा आणखी एक भाऊ होता. तो शरीराने सर्वांत थोराड, पण त्याला या खेळाची आवड नव्हती. भावांपैकी बहुतेक बॉयलर बनविणारे कारागीर होते. जाड पोलादी पत्रे उचलणे, जड हातोड्याने रिव्हेट ठोकणे हेच त्यांचे काम आणि त्यांची वेगळी व्यायामशाळाही तीच. वडील खेळाडूंना पाणी देत आणि आई गणवेश धूत असे, असेही सांगितले जाते.

टेड नेसर (१८८३-१९४१) हा सर्वांत कुशल मानला जातो. महाविद्यालयांकडून आलेली बोलावणी त्याने स्वीकारली नाहीत. संघाचे डावपेच तोच आखत असे आणि १९२० व १९२१ या दोन मोसमांत तो खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही भूमिकांत होता. १९२१ मध्ये त्याचा मुलगा चार्ली संघात आला. बाप आणि लेक एकाच संघातून एकत्र खेळल्याचे या लीगच्या इतिहासातील ते एकमेव उदाहरण होय.

जॉन हा थोरला. १९२१ मध्ये तो पंचेचाळिशीत होता, तरीही मैदानात उतरला. लीगच्या आरंभीच्या काळातील सर्वांत वयस्क खेळाडू म्हणून त्याची नोंद होते. फ्रेड साडेसहा फुटांच्या जवळपास उंचीचा. त्याने मुष्टियुद्धातही नशीब आजमावले. फ्रँक वजनाने भारी आणि चेंडू लाथेने दूर धाडण्यात वाकबगार. तो व्यावसायिक बेसबॉलही खेळला.

अल (१८९३-१९६७) याची कारकीर्द सर्वांत लांब. तो १९२० मध्ये अजिंक्य ठरलेल्या अ‍ॅक्रन प्रोज संघात होता आणि १९२७ मध्ये विजेत्या न्यूयॉर्क जायंट्समध्येही. अ‍ॅक्रनच्या त्या संघात फ्रिट्झ पोलार्ड हा कृष्णवर्णीय खेळाडू त्याचा सहकारी होता. अंगावर कोणतेही संरक्षक कवच न घालता खेळण्याबद्दल अलची ख्याती होती. त्या काळी चामड्याची टोपी घालणे ऐच्छिक होते. लीगने शिरस्त्राण सक्तीचे केले ते १९४३ मध्ये. शिवाय आजच्याप्रमाणे चढाईसाठी एक आणि बचावासाठी दुसरा चमू नसे. तेच अकरा खेळाडू साठ मिनिटे दोन्ही कामे करीत. सामन्यात हाड मोडले तर त्या माणसाचा सोमवारचा रोजही बुडण्याची भीती असे.

नेसर बंधूंचे मेहुणे जॉन श्नायडर आणि भाचे टेड हॉपकिन्स हेही संघात होते. घराबाहेरच्यांत होमर आणि एमेट रूह हे दोन भाऊ, चेंडू घेऊन धावणारा ली स्नूट्स, हॅल गॉल्के आणि आघाडीच्या फळीतील जो मुलबार्गर ही नावे १९२० नंतरच्या मोसमांत आढळतात.

लीगचा पहिला सामना

खेळाडूंची पळवापळवी आणि वाढते मानधन यांना आवर घालण्यासाठी १७ सप्टेंबर १९२० रोजी कँटन येथे एका मोटारविक्रीच्या दालनात संघचालकांची बैठक झाली आणि ‘अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन’ स्थापन झाली. नावाचे वजन लाभावे म्हणून जिम थॉर्पला अध्यक्ष करण्यात आले. पॅनहँडल्स त्याच वर्षी तीत सामील झाले.

३ ऑक्टोबर १९२० रोजी डेटनच्या ट्रँगल पार्कवर डेटन ट्रँगल्स आणि कोलंबस पॅनहँडल्स समोरासमोर आले. या संघटनेतील दोन संघांमधला हा पहिल्या दिवशीचा सामना म्हणून आज एनएफएलच्या इतिहासाचा आरंभ येथून सांगितला जातो. डेटनने तो १४-० असा जिंकला. लू पार्टलो याने पहिला ‘टचडाउन’ नोंदविला. पॅनहँडल्सची उमेद तोवर ओसरू लागली होती. संघाचे भरभराटीचे दिवस १९१५ च्या सुमारास होऊन गेले होते आणि मुख्य खेळाडूंची वये चाळिशीकडे झुकली होती.

ज्याने सावरले, त्यानेच दार बंद केले

३० एप्रिल १९२१ रोजी संघटनेने जो कार याला अध्यक्ष निवडले. २० मे १९३९ रोजी मृत्यू येईपर्यंत तो त्या पदावर होता. १९२२ मध्ये संघटनेला ‘नॅशनल फुटबॉल लीग’ हे नाव मिळाले. कारने खेळाडूंसाठी एकसारखा करारनामा आणला. त्यामुळे एका संघाचा खेळाडू दुसऱ्याने परस्पर पळविणे बंद झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्याला पदवीपूर्वी खेळविण्यास मनाई झाली. १९२५ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सला प्रवेश देऊन त्याने लीग महानगरात नेली. १९२६ मध्ये २२ असलेले संघ १९२७ मध्ये १२ वर आणले. कमकुवत आणि लहान गावांचे संघ गळाले. त्या छोट्या गावांपैकी ग्रीन बे एवढेच आज लीगमध्ये टिकून आहे.

कारच्या या धोरणानेच लीग जगली, याविषयी अभ्यासकांत फारसे दुमत नाही. परंतु त्या धोरणात रेल्वेच्या पासवर प्रवास करणाऱ्या आणि जेवणाच्या सुट्टीत सराव करणाऱ्या संघाला जागा उरली नाही. पॅनहँडल्सने १९२१ मध्ये नऊपैकी एक सामना जिंकला, तर १९२२ मध्ये आठही सामने गमावले. पुढच्या वर्षी कोलंबसचा संघ ‘टायगर्स’ या नावाने उतरला आणि १९२६ नंतर तोही लोपला. आपल्या सहकामगारांचा संघ वाचविण्यासाठी कारने नियम वाकवले नाहीत. त्याच्या प्रामाणिकपणाचा हा पुरावा खरा. पण नेसर बंधूंना त्याची किंमत मोजावी लागली.

आपल्याकडील चित्र

भारतात कामगार आणि खेळाडू यांचे नाते उलट दिशेने घडले. रेल्वे क्रीडा प्रोत्साहन मंडळ १९२८ मध्ये स्थापन झाले. रेल्वे, पोलीस, विमान कंपन्या, वीज मंडळे, खासगी कारखाने यांनी खेळाडूला आधी नोकरी दिली आणि त्या नोकरीच्या आधाराने कबड्डी, कुस्ती, हॉकी हे खेळ तगले. कोलंबसमध्ये कामगार खेळाडू झाला. येथे खेळाडू कर्मचारी झाला. कारकीर्द संपल्यावरही पगार सुरू राहणे हा आपल्या व्यवस्थेचा मोठा आधार. नेसर बंधूंकडेही हातोड्याचे काम होते, म्हणूनच संघ बुडाला तरी घर बुडाले नाही.

महाराष्ट्राने अमेरिकन फुटबॉलचाही एक प्रयोग पाहिला आहे. २०१२ मध्ये कोलंबो येथे झालेल्या ‘एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया’च्या पहिल्या मोसमात पुणे मराठाज संघाने अंतिम सामन्यात दिल्ली डिफेंडर्सचा ६-० असा पराभव केला. अमेरिकन नामवंतांचे पाठबळ आणि दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण असूनही तो खेळ येथे मूळ धरू शकला नाही. त्यामागे ना कारखाना होता, ना गाव, ना रविवारची वाट पाहणारा प्रेक्षक. याउलट २०१४ मध्ये सुरू झालेली प्रो कबड्डी लीग रुजली, कारण तालमी, मंडळे आणि कार्यालयीन संघ यांनी तिच्यासाठी जमीन अनेक दशके आधीच कसून ठेवली होती. आता लिलावाच्या बोली मोठ्या होत असताना त्या मंडळांचे आणि कार्यालयीन संघांचे काय होणार, हा प्रश्न पॅनहँडल्सच्या कथेमुळे अधिक ठळक होतो.

१९६३ मध्ये कँटन येथे व्यावसायिक फुटबॉलचे गौरव दालन सुरू झाले, तेव्हा मान मिळालेल्या पहिल्या तुकडीत जो कारचा समावेश होता. सात नेसर भावांपैकी एकाचेही नाव त्या दालनाच्या मानकऱ्यांत नाही. टेड आणि चार्ली या पितापुत्रांचा १९२१ चा विक्रम मात्र एका शतकानंतरही कायम आहे.