गोंदियातील पाहुणे पक्षी: कधी, कुठे आणि कसे पाहायचे?

सालेकसा म्हटलं की हाजरा धबधबा आणि कचारगडच्या गुहा आठवतात. पण गोंदियाची दुसरी ओळख आहे ‘तलावांचा जिल्हा’. शेतीसाठी बांधलेले येथील माजी मालगुजारी तलाव, म्हणजेच ‘मामा तलाव’, आज पक्ष्यांचाही आधार आहेत.

पाहुणे कधी येतात?
पावसाळा सरला की उत्तरेकडून स्थलांतरित बदके येऊ लागतात. पट्टकादंब हंस तर हिमालय ओलांडून येतो. मार्चच्या सुमारास परतीचा प्रवास सुरू होतो. नवेगावबांध हे त्यांना पाहण्याचे प्रसिद्ध ठिकाण.

सारस पाहुणा आहे का?
नाही. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सर्वांत उंच असलेला सारस इथलाच रहिवासी. महाराष्ट्रात तो मुख्यतः गोंदिया-भंडारा पट्ट्यात उरला आहे आणि पावसाळ्यात धानाच्या बांधीतही घरटे करतो.

गटाने जाताना काय पाळावे?
- सकाळी लवकर, लहान गटाने जा.
- काठावरूनच दुर्बिणीने पाहा; ड्रोन नको. सतत उडावे लागले, तर परतीसाठी साठवलेली चरबी खर्च होते.
- घरट्याचे लोकेशन पोस्ट करू नका. सारसाची जोडी एका वेळी सहसा दोनच अंडी घालते. गर्दीने घरटे सुटले, तर त्या वर्षीची पिल्लेही जाऊ शकतात.