तटबंदीआडची फुलबाग

किल्ल्यांचा इतिहास लिहिला जातो तो वेढे, तह आणि तोफा यांच्या आधारे. त्यांच्या आवारात कोणी कधी फुलझाडे लावली, याची नोंद बखरकार सहसा ठेवीत नाहीत. अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्लाही याला अपवाद नाही. १५९५-९६ मध्ये चांदबिबीने तो मोगलांविरुद्ध लढविला आणि १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने तो जिंकला, हे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो. मात्र याच किल्ल्यात १९४२ नंतर एक लहानशी फुलबाग उभी राहिली. तिची कथा मराठी मुलुखापासून दूर संसार थाटलेल्या आपणांसारख्यांना विशेष जवळची वाटावी अशी आहे.

८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच काँग्रेसच्या कार्यकारिणीची धरपकड झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले. इतर नेते अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिस्त झाले. मौलाना आझाद, जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल, गोविंद वल्लभ पंत, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, हरेकृष्ण महताब, प्रफुल्लचंद्र घोष, सय्यद महमूद आणि आपले शंकरराव देव अशी ही बारा माणसे होती. गुजरात, सिंध, बंगाल, आंध्र, ओरिसा, कुमाऊँ अशा नाना प्रांतांतील आणि नाना भाषांची! एका शंकररावांचा अपवाद सोडला, तर महाराष्ट्राची माती त्यांपैकी प्रत्येकाला परकीच होती.

प्रारंभी वर्तमानपत्रे मिळत नव्हती, पत्रे येत नव्हती. सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे, सुटका केव्हा होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. मुदतीची शिक्षा भोगणारा कैदी दिवस मोजू शकतो; स्थानबद्धाला तेवढाही आधार नसतो.

अशा वेळी बाग करण्याची सूचना जवाहरलालजींनी केली. मौलाना आझादांनी आपल्या आत्मकथनात हा प्रसंग मोठ्या प्रेमाने नोंदविला आहे. पुण्याहून बियाणे मागविले गेले, वाफे तयार झाले आणि तीस-चाळीस प्रकारचे बी पेरण्यात आले. रोज पाणी घालणे आणि वाफे स्वच्छ ठेवणे हा सर्वांचा नेम झाला. कोंब वर येऊ लागले तेव्हा ही वयोवृद्ध, मान्यवर मंडळी त्यांची वाढ कुतूहलाने न्याहाळीत असत. जमीन तशी वाईटच होती. नेहरूंनी लिहिले आहे की ती खडकाळ होती, जुन्या बांधकामांच्या राबिटाने भरलेली होती, आणि खणताना पुरातन भिंतींचे अवशेष हाती लागत. तरीही ते भर उन्हात तासन्‌तास खणत राहात. पुढे १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या काळात त्यांनी ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ याच किल्ल्यात लिहिला. कुदळीच्या जोडीला लेखणी आली आणि मातीखालील इतिहासाचे उत्खनन कागदावर सुरू झाले.

या बागेने बंदिवानांचे दुःख हरण केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. १९४३ च्या एप्रिलमध्ये आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात निवर्तल्या. पतीची अखेरची भेट त्यांना घडली नाही. असा घाव कोणत्या फुलाने भरून यावा? बाग शोक पुसत नाही. परंतु शोकाकुल माणसालाही उद्या सकाळी करावयाचे एक काम ती देते, आणि त्या कामात शेजारी उभा राहणारा सोबतीही देते. तिचे सामर्थ्य एवढेच, पण ते थोडे नव्हे.

अशी साक्ष देणारा नगरचा किल्ला एकटा नाही. पहिल्या महायुद्धात बर्लिनजवळच्या रूलेबेन येथील घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर हजारो ब्रिटिश नागरिकांना स्थानबद्ध केले होते. पुढे न्यूट्रॉनचा शोध लावणारे जेम्स चॅडविक हे त्यांपैकीच एक. माणसे तबेल्यांत राहात. १९१६ मध्ये त्यांनी आपली उद्यान संस्था स्थापन केली आणि लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीशी ती संलग्न करून घेतली. विलायतेहून बियाणे आले, तबेल्यांच्या परिसरात फुले डोलू लागली, आणि पुढे मैदानाच्या काही भागात भाजीपालाही पिकू लागला. त्याच सुमारास स्विस वैद्य आडोल्फ फिशर यांनी छावण्यांतील बंदिवानांच्या मनोव्यथेला ‘काटेरी तारेचा आजार’ असे नाव दिले. चिडचिड, विस्मरण, कशातही चित्त न लागणे ही तिची लक्षणे. सदैव गर्दीत राहावे लागणे आणि बंदिवास केव्हा संपेल याची अनिश्चितता, ही तिची प्रमुख कारणे त्यांनी सांगितली.

मनोरुग्णांच्या बाबतीत तर हा अनुभव त्याहून जुना आहे. इंग्लंडातील यॉर्क येथे विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने १७९६ मध्ये ‘रिट्रीट’ नावाचे रुग्णालय उघडले. तेथे साखळदंडांना फाटा देऊन ममतेची वागणूक आणि बागेतील काम यांवर भर देण्यात आला. अमेरिकेत डॉ. बेंजामिन रश यांनी १८१२ मध्ये नोंदविले की लाकडे तोडणारे, बाग खणणारे रुग्ण बहुधा बरे होतात. प्रतिष्ठेपायी अशा कामातून सुटका मिळालेले मात्र भिंतीआड खितपत पडतात. २०११ मध्ये नेदरलंड्समध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला. मनावर ताण देणारे काम करून घेतल्यावर काहींनी अर्धा तास बागकाम केले, तर काहींनी वाचन. ताणाचे द्योतक असलेले कॉर्टिसॉल दोन्ही गटांत उतरले; पण बागकाम करणाऱ्यांत ते अधिक उतरले, आणि त्यांचे मनही पुन्हा प्रसन्न झाले.

याचा अर्थ कुदळ हे औषध नव्हे. गंभीर मनोविकाराला वैद्याचा सल्ला हवाच. पण एकाकीपणाच्या वाटेवर सामुदायिक बाग आडवी उभी राहू शकते, आणि तिचे मर्म ‘सामुदायिक’ या शब्दात आहे. नगरच्या किल्ल्यातील त्या बाराजणांत मतभेद होते. खुद्द आंदोलनाच्या वेळेविषयीही होते. परंतु वाफ्याला पाणी कोणी घालावे यासाठी कोणाचे मत विचारावे लागत नाही. ज्याच्या हाती झारी, तो घालतो.

आपल्या मंडळांनी पन्नास वर्षांत गणेशोत्सव, नाटके, वाचनालये जपली. ही कार्ये वर्षातील ठराविक दिवशी आपणांस एकत्र आणतात. बाग मात्र रोज हाक मारते. मुलांकडे राहावयास आलेले, शहराची भाषा न जाणणारे आजोबा आणि आजी सणांच्या मधल्या दिवसांत काय करतात, याचा विचार आपण फारसा केलेला नाही. मंडळाच्या आवारात किंवा गच्चीवर चार वाफे निघाले, तर कढीपत्ता, अळू, तुळस, अबोली यांची जोपासना करण्यास त्यांच्याहून अधिक जाणते हात कोठे सापडणार? शेजारचा बंगाली वा तमिळ गृहस्थ रोप मागावयास आला, तर भाषेवाचूनही संभाषण होईल.

१९४५ च्या मार्च-एप्रिलमध्ये नगरच्या किल्ल्यातील तो सहवास संपला आणि ते आपापल्या प्रांतांतील तुरुंगांकडे पांगले. परक्या जमिनीत लावलेली फुले ते मागे ठेवून गेले. जेथे राहावे लागले तेथली माती त्यांनी सर्वांनी मिळून भुसभुशीत केली होती. घरापासून दूर राहणाऱ्यांनी त्यांच्याकडून एवढे जरूर घ्यावे.