उरलेली लोकर आणि युद्धकालीन ब्रिटनमधील विणलेली पांघरुणे

दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनविषयी मराठीत जे लेखन झाले त्यात बॉम्बवर्षाव, चर्चिलचे नेतृत्व आणि अन्नधान्याचे शिधावाटप यांना मोठे स्थान मिळाले आहे. कापड व लोकर यांच्या शिधावाटपाचा उल्लेख त्यात ओझरताच येतो. वास्तविक, युद्धाचा भार घरातील स्त्रीच्या हातांवर कसा पडला हे समजून घ्यायचे तर लोकरीच्या उरलेल्या धाग्याइतके बोलके साधन दुसरे क्वचितच सापडेल. प्रस्तुत लेखात १९४१ ते १९४९ या काळात अशा धाग्यांतून विणल्या गेलेल्या चौकोनी तुकड्यांच्या पांघरुणांचा विचार केला आहे.

१ जून १९४१ रोजी ब्रिटनमध्ये कपड्यांचे शिधावाटप सुरू झाले. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक प्रौढ व्यक्तीस ६६ कूपने देण्यात आली. पुढे हा वाटा घटत गेला. पुरुषाच्या पूर्ण सूटला २६ कूपने, तर स्त्रीच्या लोकरी पोशाखाला ११ कूपने लागत. हातविणकामाच्या लोकरीला २ औंसांमागे १ कूपन असा दर होता. या दराचा अर्थ साध्या हिशोबाने स्पष्ट होतो. ६ इंचांचा एक चौकोन विणण्यास सुमारे अर्धा औंस लोकर लागते असे मानले, तर ४ फूट रुंद व ६ फूट लांब पांघरुणास ९६ चौकोन, म्हणजे ४८ औंस अथवा ३ पौंड लोकर लागेल. नवी लोकर घेतल्यास यासाठी २४ कूपने खर्ची पडतील. एका पांघरुणापायी वर्षभराच्या वाट्याचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग देणे कोणत्याही गृहिणीस परवडणारे नव्हते. त्यामुळे पांघरूण उरलेल्या लोकरीतूनच व्हायचे, आणि उरलेली लोकर थोडी थोडीच साठत असल्याने ते सावकाशच व्हायचे. या कामाचा दीर्घकाळ हा विणणारीच्या आळसाचा वा हौसेचा भाग नव्हता. तो कूपनाच्या दरातच बांधलेला होता.

विणकामाची रीतही या परिस्थितीला सोयीची होती. सलग पांघरूण विणायचे तर सर्व लोकर आरंभीच हाताशी हवी आणि वाढते ओझे सुयांवर पेलावे लागते. सुटा चौकोन मात्र एका बैठकीत पुरा होतो, तळघरातील आश्रयस्थानातही नेता येतो. अडचणी होत्या त्या वेगळ्याच. जाड व बारीक धाग्यांचे चौकोन एका मापाचे उतरत नाहीत. त्यासाठी सुया किंवा टाक्यांची संख्या बदलावी लागते. जुना स्वेटर उसवून काढलेला धागा नागमोडी असतो. त्याच्या लडी करून, धुऊन, ताण देऊन वाळविल्यावरच तो सरळ होतो. शिवाय अनेकदा धुतलेली लोकर आधीच आटलेली असते आणि कोरी लोकर पुढे आटते. दोन्ही शेजारी जोडल्यास पहिल्याच धुण्यात पांघरुणाला सुरकुत्या पडत.

१९४३ मध्ये बोर्ड ऑफ ट्रेडने ‘मेक डू अँड मेंड’ ही पुस्तिका प्रसिद्ध केली. तिला मंडळाचे अध्यक्ष ह्यू डाल्टन यांची प्रस्तावना होती. कपडे टिकविणे, ठिगळ लावणे, विणलेले उसवून पुन्हा विणणे यांविषयीच्या सूचना त्यात होत्या. मौज अशी की, कामगार वस्त्यांतील स्त्रिया जे पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या होत्या तेच आता शासन त्यांना राष्ट्रकर्तव्य म्हणून शिकवीत होते. या शिकवणुकीतील विषमता दुर्लक्षिण्याजोगी नाही. कूपने सर्वांना सारखी असली तरी कपाटे सारखी नव्हती. ज्या घरात युद्धापूर्वीचे दहा उत्तम स्वेटर होते तेथे उसविण्यास काही होते. ज्या घरात एकच होता तेथे तो अंगावर होता. ‘उरलेले’ ही संकल्पनाच मुळात काही शिल्लक राहण्याची शक्यता गृहीत धरते.

आपल्याकडील गोधडीशी येथे तुलना सुचणे स्वाभाविक आहे. मात्र गोधडीत झिजलेले लुगडे थेट थर म्हणून घातले जाते, तर येथे वस्त्र मोडून पुन्हा धाग्यापर्यंत जावे लागते.

या कामाची नोंद कोठे सापडते, हा प्रश्न अभ्यासकापुढे उरतो. सैन्यासाठी विणलेल्या वस्तूंची मोजदाद संघटनांकडून होत असे. घरच्या पलंगावरच्या पांघरुणाची कोणी केली नाही. १९३७ साली स्थापन झालेल्या ‘मास ऑब्झर्व्हेशन’साठी सामान्य नागरिकांनी लिहिलेल्या रोजनिशा त्यामुळे मोलाच्या ठरतात. बॅरो-इन-फर्नेस येथील गृहिणी नेला लास्ट यांची रोजनिशी त्यांत प्रसिद्ध आहे. रिचर्ड रट या बिशपांनी १९८७ मध्ये हातविणकामाचा विस्तृत इतिहास लिहिला, तोवर या विषयाकडे गंभीर इतिहासलेखनाने फारसे वळून पाहिले नव्हते.

प्रत्यक्ष पांघरुणे हे दुसरे साधन, पण ते वाचणे अवघड आहे. कपड्यांचे शिधावाटप १५ मार्च १९४९ रोजी संपले. त्याच वर्षी जोडून झालेल्या पांघरुणात १९४० च्या मोज्यांची लोकर असू शकते, ती मुळात १९३५ च्या एखाद्या स्वेटरची असू शकते आणि कडेचा काठ शिधावाटप उठल्यावर विकत घेतलेल्या नव्या लोकरीचा असू शकतो. संग्रहालयाच्या नोंदवहीत मात्र निर्मितीच्या वर्षासाठी एकच रकाना असतो.