आजीच्या वहीतले शेवटचे पान

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी मी काहीतरी 'जुन्या काळचे' लिहावे, असा आपल्या कार्यवाह भगिनींचा आग्रह झाला. जुन्या काळचे म्हणजे लोणची, पापड आणि सणवार, असे त्यांच्या मनात असावे. मी मात्र आज एका वहीविषयी लिहिणार आहे. ती वही माझ्या आजीची, म्हणजे वडिलांच्या आईची. १९९३ साली आजी गेली, तेव्हा तिच्या पत्र्याच्या ट्रंकेत नऊवारी लुगड्यांच्या घडीखाली ती सापडली.

वहीवर शके १८५३ असे लिहिलेले आहे, म्हणजे इंग्रजी १९३१ साल. त्या वर्षी आजी तिसऱ्या खेपेची पोटुशी होती. बाळंतपण माहेरी व्हायचे, पण तिची आई आदल्याच वर्षी वारली होती. त्यामुळे कसबा पेठेतल्या आमच्या वाड्यातच सारे व्हायचे ठरले, आणि आईवेगळ्या मुलीने आपल्या बाळंतपणाची तयारी आपणच केली. चार इयत्ता शिकलेल्या आजीचे अक्षर मोठे ठसठशीत आहे. जुनी लुगडी उकळून वाळवलेली चार, धोतरांची दुपटी आठ, बाळोती, टोपडी, डिंक, खारीक, अळीव, बाळंतशोपा, ओवा, वावडिंग, वेखंड, शेगडी आणि कोळसे, नाळेसाठी नवे पाते व दोरा, सुईणबाईंना खण-नारळ आणि पाच रुपये. मिळाले त्यापुढे बारीकशी खूण केलेली आहे. वाचताना बाळंतिणीच्या खोलीतला धुरीचा वास येतो.

मग मधली पाने कोरी आहेत. अगदी शेवटच्या पानावर मात्र पुन्हा तेच अक्षर आहे. वर 'माझ्यामागे' एवढेच शब्द आहेत. त्याखाली लिहिले आहे, की पाटल्या दोन्ही लेकींना एकेक द्याव्यात. धाकटी रात्री दचकून उठते, तिला जवळ घेऊन निजावे. बाळ वाचल्यास वन्संकडे द्यावे, त्यांना मूल नाही. पाळणा माझ्या आईचा आहे, तो मोडीत घालू नये.

ते वाचलेले बाळ म्हणजे माझे वडील. त्यांनी हे पान बासष्टाव्या वर्षी प्रथम वाचले. त्या दिवशी ते कोणाशी बोलले नाहीत.

आजी शहाऐंशी वर्षे जगली. पण नवव्या महिन्यात एका हाताने टोपडी शिवायची आणि दुसऱ्या हाताने आपल्या मागची व्यवस्था लिहायची, हे तिने केले, आणि घरात कोणाला कळू दिले नाही. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असे आपण सहज म्हणतो. त्या काळी त्या शब्दांचा अर्थ प्रत्येक बाईला ठाऊक होता, आणि ती काळजी बोलून दाखवणे अशुभ मानले जाई. 'भरल्या ओटीने असे बोलू नये' म्हटले, की तिचे तोंड बंद होई. वही हाती आल्यापासून मी या विषयावर मिळेल ते वाचीत आले. त्यातून माझी अशी खात्री झाली आहे, की शेवटच्या महिन्यांतील बाईची काळजी ही मनाचा दुबळेपणा नव्हे. ती एक खबर असते. ज्या ज्या वेळी कोणी ती खबर ऐकून घेतली, त्या त्या वेळी बायका वाचल्या.

पहिली गोष्ट परदेशची आहे. व्हिएन्ना शहरातील मोठ्या सरकारी इस्पितळात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात वैद्यकाचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुइणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने इतक्या बायका दगावत, की गरीब गर्भवती स्त्रिया गुडघे टेकून विनवीत, 'आम्हांला सुइणींच्या विभागात घाला.' मोठमोठ्या डॉक्टरांनी हवेला दोष दिला. सेमेलवाइस नावाच्या तरुण डॉक्टराने मात्र या भीतीला कारण असले पाहिजे असे मानले. विद्यार्थी प्रेतांची चिरफाड करून तसेच प्रसूतीच्या खोलीत येत, हे त्याच्या ध्यानात आले. १८४७ साली त्याने क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. १८४६ साली शंभरात अकराहून अधिक बायका मरत होत्या, त्या १८४८ साली शंभरात सव्वावर आल्या. बायकांना जंतूंची माहिती नव्हती, पण त्यांची भीती खरी होती. आजीने लुगडी उकळून घेतली आणि नाळेसाठी नवे पाते आणले, त्यात हेच शहाणपण होते. तिला ते तिच्या आईने सांगितले असावे.

काही बायकांना तर काळजी सांगायला जागाच नव्हती. आपल्या पुण्यातच १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवेला दिवस गेले, तिच्यापुढे त्या काळी विहीर नाही तर अर्भकाचा गळा, एवढेच मार्ग उरत. तिला निर्भयपणे बाळंत होता यावे म्हणून या पतिपत्नींनी आपले दार उघडले. १८७४ साली काशीबाई नावाच्या अशाच एका स्त्रीचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. सावित्रीबाईंचे नाव शाळेच्या संदर्भात आपण नेहमी घेतो, बाळंतिणीच्या संदर्भातही ते घेतले पाहिजे.

आनंदीबाई जोशी यांची कहाणी आपणां सर्वांना ठाऊक आहे. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून त्या अमेरिकेस गेल्या. १८८६ साली एम. डी. झाल्या, तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्राचीन प्रसूतिशास्त्राचा. त्याच साली मुंबईस कामा हॉस्पिटल सुरू झाले. स्त्रियांनी स्त्रियांना तपासावे, ही त्यामागची कल्पना होती. पुरुष डॉक्टरापुढे तोंड न उघडणारी बाई बाईपाशी बोलेल, हे कोणीतरी ओळखले होते. आनंदीबाई मात्र पुढच्याच वर्षी, बावीस वर्षांच्याही झाल्या नव्हत्या तोच, क्षयाने गेल्या.

तिसरी गोष्ट मुंबईतील गरीब बायकांची. शेवटच्या महिन्यांत त्या पांढऱ्याफटक पडत, धाप लागे, आणि पुष्कळ जणी दगावत. 'पोटुशीला असे व्हायचेच' म्हणून सोडून देण्यासारखी ती गोष्ट होती. १९२८ साली ल्यूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टरीण मुंबईस आली. या बायका काय खातात, काय खात नाहीत, हे तिने पाहिले. यीस्टचा स्वस्तातला अर्क देऊन त्यांचे रक्त भरून येते, हे तिने १९३१ साली प्रसिद्ध केले. आजीच्या वहीचेच ते साल. त्या अर्कातले गुणकारी द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून वेगळे काढण्यात आले. तेच फॉलिक अॅसिड. आज जगभरच्या गर्भवतींच्या हातावर ती गोळी पडते, तिचे मूळ मुंबईच्या बायकांच्या पांढऱ्या ओठांत आहे.

नुसत्या औषधाने भागत नाही, विश्रांतीही लागते. गिरणीतली बाई कळा येईपर्यंत साच्यावर उभी राही, कारण खाडा केला की पगार कापला जाई. १९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यास जोरदार पाठिंबा दिला. १९२९ साली मुंबई इलाख्यात तो कायदा झाला. सबंध देशासाठीचा कायदा १९६१ साली आला, आणि २०१७ साली पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली. शेतात आणि परक्या घरी राबणाऱ्या बहुतेक जणींपर्यंत मात्र ती रजा पोहोचलेली नाही.

आता जी गोष्ट सांगायची, ती घरची आहे.

आजीला एक सवय होती. वाड्यात कोणी पोटुशी दिसली, की आजी तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाही. खळगा पडला तर विचारी, 'डोके दुखते का? डोळ्यांपुढे काजवे चमकतात का?' आम्ही तरुण पोरी हसायचो. १९७८ साली माझ्या वेळेस मी चिडून विचारले, 'आजी, हे काय सारखे?' तेव्हा तिने धाकट्या जावेची हकीगत सांगितली.

साल १९३४. जावेला आठवा सरत आला होता. पाय सुजले, मग तोंडही सुजले. दोन दिवस डोके धरून बसली होती. 'दिसत नाही नीट,' म्हणाली. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. तिसऱ्या रात्री झटके आले आणि पहाटेपर्यंत आई आणि बाळ दोघेही संपली. आजी म्हणाली, 'ती मला सांगत होती गं. मीच म्हटले, शेवटच्या महिन्यात असे होतेच.'

वाचू लागल्यावर मला कळले, की झटके येणाऱ्या गर्भवतींच्या लघवीत प्रथिन उतरते, हे लंडनच्या डॉ. लीव्हर यांनी १८४३ सालीच दाखवले होते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याचे यंत्र इटलीच्या रिव्हा-रोच्ची यांनी १८९६ साली केले. कळा सुरू होण्याआधीच गर्भवतीची देखरेख व्हावी, म्हणून एडिंबरोच्या डॉ. बॅलंटाइन यांनी १९०१ साली खटपट केली. म्हणजे जाऊबाई गेल्या तेव्हा हे सारे ज्ञान जगात होते, आणि आमच्या वाड्यापासून टांग्याने पाव तासावर दवाखानाही होता. मधले अंतर होते ते एवढेच, की 'होतेच असे' म्हणून कोणी तिला उठवून नेले नाही.

हे सगळे वाचलेल्या माझ्या हातून काय घडले, तेही लिहिते. गेल्या वर्षी सूनबाईंना नववा लागला होता. एका संध्याकाळी ती म्हणाली, 'आई, सकाळपासून डोके जड आहे, आणि बरगडीखाली दुखते आहे.' आणि माझ्या तोंडून गेले, 'अगं, शेवटच्या महिन्यात होते असे. जरा पड.' ती मुकाट्याने खोलीत गेली. मी कणीक मळायला घेतली, आणि माझे मलाच शब्द ऐकू आले. नव्वद वर्षांपूर्वीचे तेच शब्द. हात तसेच धुतले आणि मुलाला गाडी काढायला सांगितली. रक्तदाब १७० वर गेला होता. मॅग्नेशियम सल्फेट चालू केले. आईला झटक्यांपासून वाचवण्यात ते इतर औषधांपेक्षा सरस असल्याचे १९९५ साली अनेक देशांतील पाहणीत ठरले आहे. दुसऱ्या दिवशी नात झाली. जरा लहानखुरी, पण रडणे खणखणीत.

२०१८ ते २० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ३३ होते, देशात ९७. आजीच्या काळाच्या मानाने ही फार मोठी मजल आहे. पण त्या तेहतिसांतली प्रत्येक जण कोणाची तरी जाऊ, कोणाची तरी लेक आहे.

म्हणून मैत्रिणींनो, आपल्या गल्लीत कोणाला शेवटचे महिने असतील, तर डिंकाचे लाडू अवश्य न्या, पण पाच मिनिटे बसून 'मनात काय येते?' असेही विचारा. न उतरणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, पोटाच्या वरच्या भागात दुखणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, ताप, बाळाची हालचाल मंदावणे, यांतले काही ती बोलली, तर तिला 'होतेच असे' म्हणू नका. त्याच क्षणी दवाखान्यात घेऊन जा. नुसती पायांची सूज पुष्कळ जणींना येते, तीही दाखवलेली बरी. सरकारी दवाखान्यांत २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेस गर्भवतींची मोफत तपासणी ठेवलेली आहे, ती चुकवू देऊ नका. तयारीच्या यादीत टोपडी-दुपट्यांबरोबर तपासणीचे कागद, रक्तगट, रात्री गाडी कोण काढणार आणि मोठ्या मुलाला कोण सांभाळणार, हेही लिहून ठेवा. आणि भीती वाटत असेल तर तीही सांगू द्या. सांगितल्याने अशुभ होत नाही.

आजीच्या आईचा पाळणा मोडीत घातला गेला नाही. वडील त्यात निजले, मी निजले, माझा मुलगा निजला. गेल्या वर्षी त्याला नव्या दोऱ्या लावल्या. बारशाच्या दिवशी सूनबाईंना मी ती वही दिली. शेवटचे पान वाचून तिने वही मिटली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, 'आई, मीही मोबाइलमध्ये असेच काहीतरी लिहून ठेवले होते. कोणाला सांगितले नाही.'

मी तिला जवळ घेतले. आम्ही दोघी बराच वेळ तशाच बसलो होतो.