कामावर शिवीगाळ केली म्हणून नोकरी जाऊ शकते का? कायदा आणि कोर्ट काय सांगतं?

महिंद्रा अँड महिंद्रा कंपनीतल्या एका कामगाराने आपल्या वरिष्ठाला हाताखालच्या लोकांसमोर शिवीगाळ केली. कंपनीने चौकशी बसवली, आरोप सिद्ध झाला आणि त्याला बडतर्फ केलं. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. शिवीगाळ झाली हे न्यायालयाने मान्य केलं, पण शिक्षा फार कडक आहे असं सांगून त्याला कामावर परत घ्यायचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयातही कंपनी हरली. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे सगळं फिरवलं आणि बडतर्फी कायम ठेवली.

हा निकाल आजही एचआर विभागांचा आवडता आहे. कारणे दाखवा नोटिशीपासून बडतर्फीच्या आदेशापर्यंत त्याचा दाखला दिला जातो. त्यामुळे ‘साहेबाला शिवी दिली म्हणजे नोकरी गेलीच’ असा समज कामगारांमध्येही आहे. तो पूर्ण खरा नाही.

२००५ च्या निकालात नेमकं काय होतं?

सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शिवीला बडतर्फी असं म्हटलेलं नाही. त्या प्रकरणात तीन गोष्टी एकत्र आल्या होत्या. भाषा अत्यंत घाण होती. ती एकदा नाही, तर दोनदा वापरली गेली. आणि वरिष्ठाच्या हाताखालचे लोक तिथे हजर होते. शिवाय कामगाराची बाजू सौम्य करणारी कुठलीही परिस्थिती समोर आली नव्हती. अशा वेळी कामगार न्यायालयाने केवळ दया म्हणून शिक्षा कमी करू नये, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

शिक्षा कमी करण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला आला कुठून? १९७१ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम ११-अ घालण्यात आलं. त्याआधी गुन्हा आणि शिक्षा यांचा मेळ बसतो का, हे ठरवणं बहुतांशी मालकाच्या हातात होतं. कलम ११-अ मुळे न्यायालयाला बडतर्फी रद्द करून वेतनवाढ रोखण्यासारखी हलकी शिक्षा देता येऊ लागली. २००५ च्या निकालाने हा अधिकार काढून घेतला नाही. तो वापरताना कारण दाखवा, एवढंच सांगितलं.

मग कोणाची नोकरी वाचली?

हा निकाल सांगताना त्याआधीचे दोन निकाल बहुतेकदा गाळले जातात.

पहिला १९८२ चा, उत्तर प्रदेशातला. एका कर्मचाऱ्याला वरिष्ठांशी उद्धट आणि धमकीवजा भाषेत बोलल्याबद्दल काढून टाकण्यात आलं होतं. त्याची चौदा वर्षांची नोकरी होती आणि आधीचा रेकॉर्ड स्वच्छ होता. सर्वोच्च न्यायालयाने त्याची भाषा योग्य ठरवली नाही. पण बडतर्फी अवाजवी आहे असं म्हणत दोन वेतनवाढी रोखण्याची शिक्षा पुरेशी मानली.

दुसरा १९८४ चा. एका केबल कंपनीतल्या सुरक्षा निरीक्षकाने एका सहकाऱ्याला आणि काही अधिकाऱ्यांना शिवीगाळ केल्याचा आरोप होता. त्याच्याविरुद्ध आधीची तक्रार नव्हती. इथेही शिक्षा धक्कादायक प्रमाणात जास्त ठरली आणि त्याला मागच्या पूर्ण पगारासह कामावर घ्यायला सांगण्यात आलं.

तीन निकाल शेजारी ठेवले की न्यायालय काय बघतं हे लक्षात येतं. नेमके शब्द कोणते होते, एकदा झालं की वारंवार, कोणासमोर झालं, आधी कोणी डिवचलं होतं का आणि जुना रेकॉर्ड कसा आहे. यात डिवचण्याचा मुद्दा कामगार सगळ्यात कमी वापरतात. चौकशीत ‘मी बोललोच नाही’ असं ठामपणे सांगितलं की ‘मला आधी काय ऐकवलं गेलं’ हे सांगायची जागाच उरत नाही. मग साक्षीदारांनी शब्द ऐकल्याचं सांगितलं की बाजू दोन्हीकडून पडते.

महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा कायद्यातही हाच विचार आहे. किरकोळ किंवा तांत्रिक स्वरूपाच्या गैरवर्तनासाठी, जुनी सेवा लक्षात न घेता, धक्कादायक ठरेल अशी शिक्षा देणं ही त्या कायद्यानुसार मालकाने केलेली अनुचित प्रथा आहे. घाईघाईत, बाजू न ऐकता उरकलेली चौकशीही त्यातच मोडते. या कायद्याखाली तक्रार करायला मुदत ९० दिवसांची. अनेकांचे हे दिवस ‘साहेब परत बोलावतील’ या आशेवर निघून जातात.

काढण्याची पद्धत काय असते?

कारखान्यात शिस्तीचे नियम स्थायी आदेशांत लिहिलेले असतात. त्यात ‘शिवीगाळ’ हा शब्द असेलच असं नाही. दंगामस्ती, बेशिस्त वर्तन, शिस्तीला बाधा आणणारी कृती अशा कलमांखाली ती बसवली जाते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. तिच्यात स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. आधीच्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती आणि महाराष्ट्राने ती ५० वर आणली होती. म्हणजे मधल्या आकाराच्या बऱ्याच कारखान्यांमध्ये आता लेखी नियमांचा आधारच पातळ होणार आहे. शिक्षा अवाजवी असेल तर ती बदलण्याचा न्यायाधिकरणाचा अधिकार मात्र नव्या संहितेतही आहे.

आधी आरोपपत्र मिळतं. त्यात तारीख, वेळ, जागा आणि वापरलेले शब्द स्पष्ट असायला हवेत. नुसतं ‘असभ्य भाषा वापरली’ एवढंच लिहिलं तर कामगाराने उत्तर कशाला द्यायचं? मग चौकशी अधिकारी नेमला जातो, साक्षी होतात. साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायचा हक्क कामगाराला असतो. चौकशीपर्यंत निलंबन असेल तर पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के आणि पुढे, उशीर कामगारामुळे झालेला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो.

हे सगळं कागदावर आहे. प्रत्यक्षात, विशेषतः ऑफिसांमध्ये, गोष्ट चौकशीपर्यंत जातच नाही. एका खोलीत बोलावून ‘राजीनामा द्या, रेकॉर्ड खराब करणार नाही’ असं सांगितलं जातं. सही झाली की कागदावर ती बडतर्फी राहत नाही, आणि दबावाखाली सही केली हे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं.

ऑफिसात काम करणाऱ्यांचं काय?

वरचं संरक्षण कायद्याच्या व्याख्येतल्या ‘कामगारा’ला आहे. मॅनेजर त्यात येत नाही. ठरावीक पगाराच्या वरचा सुपरवायझरही येत नाही. नव्या संहितेत ही रेषा महिना १८,००० रुपयांवर आहे. पदाच्या नावापेक्षा प्रत्यक्ष काम काय होतं हे पाहिलं जातं. १९८४ च्या प्रकरणात ‘निरीक्षक’ म्हणवणारा माणूस कामगारच आहे, असं आधी ठरवावं लागलं होतं.

जे या व्याख्येबाहेर आहेत त्यांच्यासाठी नेमणूकपत्र हाच कायदा. खासगी कंपनीतली नोकरी कोर्टाकडून परत मिळवणं त्यांना जवळपास अशक्य असतं. मिळाली तर भरपाई मिळते, तीही अनेकदा नोटीस काळाच्या पगाराइतकी. सरकारी कर्मचाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांना राज्यघटनेच्या कलम ३११ चं कवच आहे, आणि ‘सेवेतून काढून टाकणं’ व ‘बडतर्फी’ या त्यांच्याकडे दोन निरनिराळ्या शिक्षा आहेत. बडतर्फ झालेल्याला सहसा पुन्हा सरकारी नोकरी मिळत नाही.

शेरा बाईबद्दल असेल तर?

तिथे दुसरा कायदा लागतो. २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यात लैंगिक स्वरूपाचे शेरे हासुद्धा छळ आहे. त्यासाठी अंगाला हात लावलेला असण्याची गरज नाही. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तक्रार तीन महिन्यांत करायची, समितीला योग्य वाटलं तर आणखी तीन महिने मिळतात. शिक्षा नोकरीवरून काढण्यापर्यंत जाऊ शकते.

पण कुठला शेरा ‘लैंगिक’? यावर मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात पुण्यातलं एक प्रकरण आलं. एका खासगी बँकेच्या अधिकाऱ्याने प्रशिक्षणाच्या वेळी सहकारी महिलेच्या लांब केसांवरून, ते सांभाळायला तुम्ही जेसीबी वापरत असाल, अशा अर्थाची टिप्पणी केली आणि केसांवरचं गाणं गुणगुणलं. समितीने त्याला दोषी ठरवलं, त्याची पदावनती झाली, औद्योगिक न्यायालयानेही ते उचलून धरलं. उच्च न्यायालयाने मात्र आरोप खरे धरले तरी हा लैंगिक छळ ठरत नाही, असं सांगत समितीचा अहवाल रद्द केला. निकालावर बरीच चर्चा झाली. एक लक्षात घ्यायला हवं, की शेरा योग्य होता असं प्रमाणपत्र कोर्टाने दिलेलं नाही. प्रश्न फक्त या कायद्यापुरता होता. दिसण्यावरून चारचौघांत थट्टा होणं बाईला कसं वाटतं, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.

जातीवरून बोलल्यास?

इथे नोकरीच्या पलीकडचा धोका आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा लोकांच्या नजरेसमोर जातीवरून अपमान करणं किंवा जातीवाचक शिवीगाळ करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. ‘लोकांच्या नजरेसमोर’ हे शब्द महत्त्वाचे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी नसताना झालेलं बोलणं त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये म्हटलं होतं. फौजदारी गुन्हा टिकला नाही तरी कंपनीची शिस्तभंगाची कारवाई थांबत नाही. दोन्हींचे पुराव्याचे निकष वेगळे आहेत.

आणि साहेबच बोलला तर?

फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर सिकंदराबादच्या एका राष्ट्रीय संस्थेतलं प्रकरण आलं. तिथल्या संचालकाने सहायक प्राध्यापक महिलेला मोठ्या आवाजात सुनावलं होतं. कामावरून वरिष्ठाने झापणं हा शांतता भंग करण्याच्या हेतूने केलेला अपमान नाही, असं सांगत न्यायालयाने गुन्हा रद्द केला. असल्या प्रत्येक बोलण्यावर गुन्हे लागले तर कामाची शिस्तच कोलमडेल, हा त्यामागचा विचार.

मुद्दा पटण्यासारखा आहे. तरी तराजू एका बाजूला झुकलेला दिसतो. खालचा वरच्याला बोलला तर ते शिस्तीवरचं संकट, वरचा खालच्याला बोलला तर तोच शिस्तीचा भाग. वरिष्ठाच्या शिवीगाळीबद्दल लेखी तक्रार त्याच दिवशी करून ठेवली, तर पुढे स्वतःवर चौकशी आली तेव्हा ती कामी येते. तोंडी सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं तर?

२०२३ मध्ये दोन उच्च न्यायालयांकडून दोन निकाल आले. मद्रास उच्च न्यायालयाने एका ग्रामीण बँकेच्या कर्मचाऱ्याला दिलासा दिला. खासगी ग्रुपवर सहकाऱ्यांपुढे मनातली भडास काढण्याचा हक्क माणसाला आहे, असं म्हणत त्याच्यावरचं आरोपपत्र रद्द केलं. मुंबई उच्च न्यायालयात मात्र पगारवाढीच्या वादात व्यवस्थापनाविरुद्ध फेसबुकवर भडकावणाऱ्या पोस्ट टाकणारा कामगार हरला. बंद ग्रुप आणि उघडी पोस्ट हा त्यातला एक मोठा फरक.

हातात किती पैसे पडतात?

भविष्य निर्वाह निधीत जमा झालेली रक्कम बडतर्फीमुळे जात नाही. ग्रॅच्युइटीचं तसं नाही. दंगामस्ती किंवा हिंसक वर्तनाबद्दल नोकरी संपवली असेल तर १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्याने मालकाला ती पूर्ण किंवा अंशतः रोखता येत होती. म्हणून बडतर्फीच्या आदेशात नुसतं ‘गैरवर्तन’ लिहिलंय की ‘दंगामस्तीचं वर्तन’, हे सही करून घेण्याआधी वाचायला हवं. वीस वर्षं काढलेल्या माणसासाठी त्या एका शब्दावर काही लाखांचा फरक पडू शकतो.