कल्हई, डाख आणि सागवानी पट्टी



फौजी माणूस आयुष्यभर दुसऱ्याने बांधलेल्या घरात राहतो. दर दोन-अडीच वर्षांनी नवे स्टेशन, नव्या किल्ल्या आणि ‘मार्चिंग इन’ची तीच यादी: पंखे पाच, ट्यूबलाइट सहा, गीझर एक. एमईएसचा माणूस एकेक वस्तू दाखवतो, आपण सही करतो. घरातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र त्या यादीत कधीच नसते. ती म्हणजे वायरिंग.

महू, अंबाला, वेलिंग्टन अशा जुन्या छावण्यांमध्ये राहिलेल्यांना उंच छताचे, कौलारू बंगले आठवत असतील. त्यांच्या भिंतींवरून सागवानी पट्ट्या अगदी ओळंब्यात उतरलेल्या असत. गोल लाकडी ठोकळ्यावर पितळी टोपीचे बटण. ते दाबले की ‘खट्’ असा भरदार आवाज. हे सगळे पाहून आपण म्हणतो, ‘जुन्या लोकांचे काम! असे आता होणे नाही.’ हे वाक्य निम्मे खरे आहे. उरलेले निम्मे घर जाळू शकते. म्हणून हा लेख.

आधी थोडा इतिहास. भारतात विजेचा दिवा जाहीरपणे पेटवून दाखवला गेला तो कोलकात्यात, १८७९ साली. १८९७ मध्ये दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १३० किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र सुरू झाले. १८९९ मध्ये कोलकात्यात इमामबाग लेनचे वीजघर आले. १९०२ मध्ये शिवसमुद्रमची वीज कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत पोहोचली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत. पुढच्या दोन-तीन दशकांत छावण्यांतले दोरीचे पंखे आणि ते ओढणारे पंखेवाले हळूहळू गेले. त्यांच्या जागी छताचा विजेचा पंखा आला. १९२३ मध्ये एमईएसची स्थापना झाली आणि छावण्यांच्या इमारती, पाणी आणि वीज एका खात्याकडे आली.

या इतिहासात एक फौजी माणूसही आहे. क्रॉम्प्टन हे नाव आपण लहानपणापासून पंख्यावर वाचत आलो. मूळचा रुकेस बेल क्रॉम्प्टन हा रायफल ब्रिगेडचा तरुण अधिकारी. १८६०च्या दशकात तो भारतात आला आणि इथल्या रस्त्यांवर वाफेच्या इंजिनाने सामान वाहण्याचे प्रयोग त्याने केले. फौज सोडून इंग्लंडला परतल्यावर तो विजेच्या धंद्यात पडला. पुढे बोअर युद्धात विद्युत अभियंत्यांच्या स्वयंसेवक तुकडीसह पुन्हा रणांगणावर गेला. विजेच्या सामानाला जगभर एकच मानक असावे यासाठी त्याने जोर लावला आणि १९०६ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाची सुरुवात झाली. नट-बोल्टसुद्धा ठरल्या मापाचा हवा, हा हट्ट फौजी माणसालाच सुचावा, याचे मला नवल वाटत नाही.

आता भिंतीकडे वळू. सुरुवातीच्या काळात तारा लाकडी पन्हळीत ठेवून वर लाकडी झाकण बसवत. तेच केसिंग-केपिंग. आतली तार तांब्याची, तिच्यावर रबर, रबरावर सुती वेष्टण आणि त्यावर डांबरासारखा लेप. या तांब्यावर कल्हई असे. आपल्या आज्या पातेल्यांना करून घेत तीच, कथलाची. कारण रबर टिकाऊ करण्यासाठी त्यात गंधक घालत आणि गंधक तांब्याला खाते. मधे कथलाचा थर असला की दोघांचे भांडण होत नाही. नंतर चिवट रबराच्या आवरणाची तार आली आणि ती उघड्या सागवानी पट्टीवर बसू लागली. भिंतीत आधी लाकडी गिट्ट्या ठोकायच्या, त्यांवर पट्टी स्क्रूने आवळायची, पट्टीवर दर चार ते सहा इंचांवर कल्हईची पितळी क्लिप, आणि क्लिपांची सगळी तोंडे एका दिशेला. सांधा शक्यतो द्यायचाच नाही. दिलाच तर तारांचे पेड एकमेकांत गुंफून वर डाख द्यायचा. नुसता पीळ मारून पट्टी गुंडाळणे हे काम मानले जात नसे.

हे काम चांगले का होत असे? जुनी माणसे जात्याच प्रामाणिक होती, हे उत्तर मला पटत नाही. माझ्या मते खरे कारण साधे आहे. काम डोळ्यांसमोर होते. पट्टी वाकडी गेली तर मेजरसाहेबांच्या बायकोलाही दिसत असे. क्लिप सुटली तर सुपरवायझर बोट ठेवून दाखवत असे. पुढे तारा भिंतीत गाडलेल्या नळीतून जाऊ लागल्या. घर देखणे झाले, पण कारागिराची चूक प्लॅस्टरखाली झाकली गेली. एका नव्या कॉलनीत भिंत फोडल्यावर मी स्वतः पाहिले आहे: नळीच्या मधोमध नुसता पीळ मारलेला सांधा आणि त्यावर दोन वेढे चिकटपट्टी. मोजमाप पुस्तकात मात्र सगळे यथास्थित.

पण याचा अर्थ जुने तेच ठेवावे असाही नाही. काही वर्षांपूर्वी एका जुन्या बंगल्याच्या बोर्ड ऑफ ऑफिसर्सवर माझी नेमणूक झाली. प्रश्न होता, वायरिंग बदलायचे की नाही? घर एका तरुण कॅप्टनला मिळणार होते. घरात दीड वर्षाचे मूल. स्टेशनमधल्या बऱ्याच जणांचे मत होते की इतकी वर्षे टिकलेल्या कामाला हात लावू नये. माझ्यासोबत बॉम्बे सॅपर्सचे एक मराठी सुभेदार होते. मी त्यांना विचारले, ‘‘साहेब, तुमचं काय मत?’’ ते म्हणाले, ‘‘सर, मत नंतर. आधी मेगर लावू.’’

मेगर म्हणजे तारेच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र. घरगुती वायरिंगला ५०० व्होल्टचा दाब देऊन पाहतात. नव्या कामाचा जुना नियम असा की ५० ला त्या सर्किटवरच्या पॉइंटांच्या संख्येने भागायचे. १० पॉइंट असतील तर किमान ५ मेगओहम हवेत. आमच्या पहिल्याच सर्किटवर काटा एकाच्याही खाली राहिला. सुभेदारांनी दिव्याचा होल्डर उघडला आणि तार हलकेच वाकवली. रबर शिळ्या भाकरीसारखे तुकडे होऊन त्यांच्या तळहातावर पडले. आत तांबे मात्र लखलखीत.

सगळा धडा त्या तळहातावर होता. सागवान टिकते, पितळ टिकते, तांबे टिकते. रबर टिकत नाही. हवेतला प्राणवायू आणि उष्णता त्याला कडक करतात, मग ते तडकते. पंचवीस-तीस वर्षे हे त्याचे भले आयुष्य. आवरण रबराचे असो की प्लॅस्टिकचे, तापमान साधारण आठ-दहा अंशांनी वाढले की त्याचे वय निम्मे होते, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून दिव्याच्या होल्डरजवळची तार सर्वांत आधी मरते. तोवर कोणी हलवत नाही म्हणून ती जागच्या जागी उभी असते, इतकेच. शिवाय आपल्याला दिसतात ती टिकलेली घरे. जी जळाली, ती पाहून कोणी कौतुक करत नाही.

दुसरी गोष्ट भाराची. त्या बंगल्यातली तार ३/२२ची, म्हणजे २२ गेजच्या तीन पेडांची. तिने ५ अँपिअर वाहावेत हा जुना हिशेब. दिव्या-पंख्यांच्या एका सर्किटवर १० पॉइंट किंवा ८०० वॅट ही मर्यादा. आजचा २ किलोवॅटचा गीझर एकटाच जवळपास ९ अँपिअर ओढतो. कारागिराने चोख बजावलेले काम आपण भलत्याच ओझ्याखाली घालतो.

तिसरी गोष्ट, त्या घरात फेज आणि न्यूट्रल दोन्हींवर चिनी मातीचे फ्यूज होते. डीसीच्या काळातली ही पद्धत. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवा विझतो, माणूस समजतो वीज गेली, आणि तार जिवंतच असते. अर्थिंगची तार तर दिव्यांच्या पॉइंटांपर्यंत नव्हतीच, आणि बटणांच्या टोप्या पितळी!

आम्ही संपूर्ण वायरिंग बदलण्याची शिफारस केली. ती मंजूर होऊन काम पुरे होईपर्यंत कॅप्टनचे कुटुंब दुसऱ्या क्वार्टरमध्ये राहिले. त्यावरून काही काळ आम्हाला बोलणीही खावी लागली.

जुने सगळे चांगले आणि नवे सगळे वाईट, किंवा याच्या उलट, असे या विषयात नाही. साठच्या दशकानंतर परकीय चलन वाचवण्यासाठी आपल्याकडे घरांतही ॲल्युमिनियमच्या तारा आल्या. देशाची ती गरज होती. पण ॲल्युमिनियम स्क्रूखाली दबून हळूहळू सैल होते आणि त्यावर ऑक्साइडचा थर चढतो. सैल सांधा तापतो. त्यामुळे त्या काळातली कितीतरी घरे १९३०च्या घरांपेक्षा वयाने लहान असूनही धोक्यात आहेत.

निवृत्त होऊन गावी गेलेल्या माझ्या ज्येष्ठांना एक विनंती. सातारा, कोल्हापूर, कोकण, जिथे वडिलोपार्जित घर असेल तिथे या पावसाळ्याआधी चार गोष्टी करून घ्या. परवानाधारक वायरमनकडून मेगर चाचणी. फ्यूजमध्ये कोणी जाड तार गुंडाळली आहे का ते पाहणे. अर्थिंगची तपासणी. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवणे. फार खर्च येत नाही. काम चालू असताना जवळ उभे राहा आणि नळीत सांधा देऊ देऊ नका. सागवानी पट्ट्या निघाल्याच तर फेकू नका, देव्हाऱ्याला किंवा फोटोंच्या चौकटींना फार छान लागतात. आणि पितळी बटण नातवंडांना खेळायला द्या. तो ‘खट्’ आवाज त्यांनीही ऐकावा, फक्त त्यात वीज नसावी.

जय हिंद.